भूगर्भातला वाटा : अमेरिकेतील तेल-रॉयल्टी आणि तिच्यावरचा प्राप्तिकर

अमेरिकेत ज्याच्या मालकीच्या भूगर्भातून तेल किंवा वायू निघतो, त्याला ते काढणारी कंपनी विक्रीतला ठरलेला वाटा देते. हा वाटा म्हणजे रॉयल्टी. कायद्याच्या मराठीत स्वामित्वधन. वर्ष संपले की हे उत्पन्न प्राप्तिकराच्या वैयक्तिक विवरणपत्राला, म्हणजे फॉर्म १०४० ला, जोडायच्या 'शेड्यूल ई' या पुरवणीत दाखवावे लागते. त्या पुरवणीच्या पहिल्या भागात एका ओळीवर मिळालेली रॉयल्टी लिहायची, खाली खर्च आणि उत्पादनावरचे कर वजा करायचे आणि त्याखाली 'डिप्लीशन' नावाची आणखी एक वजावट घ्यायची. डिप्लीशन म्हणजे जमिनीतला साठा घटल्याबद्दलची सूट. ही सूट कशी आली हे समजण्यासाठी दोन जुन्या प्रश्नांकडे वळावे लागते. जमिनीखाली जे आहे ते कोणाचे? आणि ते बाहेर काढून विकले तर हाती येणारा पैसा उत्पन्न म्हणायचा की मुद्दल?

पहिल्या प्रश्नाचे अमेरिकेने दिलेले उत्तर जगात वेगळे आहे. बहुतेक देशांत खनिज तेल सरकारच्या मालकीचे असते. भारतात १९४८ च्या तेलक्षेत्रविषयक कायद्यानुसार या क्षेत्राचे नियमन केंद्र सरकार करते. जमिनीवरच्या तेलक्षेत्रांची रॉयल्टी आसाम, गुजरात यांसारख्या राज्यांना जाते आणि समुद्रातल्या तेलाची केंद्राला. १९७४ मध्ये सापडलेले मुंबई हाय मुंबईच्या किनाऱ्यासमोर असूनही त्याची रॉयल्टी महाराष्ट्राच्या तिजोरीत येत नाही, ती यामुळेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ मध्येही खनिजांवरचा हक्क राज्य सरकारकडे असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला नांगराच्या फाळाखाली फार खोलवर काही मागता येत नाही.

मराठेशाहीतल्या इनामांच्या सनदा इथे आठवतात. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी एकेका हक्काची नावे घेऊन गाव इनाम दिला जाई. जमिनीत पुरलेले धनसुद्धा शब्दांत लिहून द्यावे लागे, कारण मूळ हक्क राजाचा मानला जाई. अमेरिकेत याच्या नेमके उलटे घडले. इंग्रजी कायद्याच्या परंपरेतून आलेला नियम असा की जमीन विकत घेणाऱ्याला तिच्याखालची खनिजेही मिळतात. ती वगळायची असतील तर खरेदीखतात तसे लिहावे लागते.

टेक्सासचा मार्ग मात्र वळणाचा होता. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने १७८३ मध्ये काढलेल्या खाणविषयक फर्मानात सोन्या-चांदीबरोबर डांबरसदृश द्रव्ये आणि 'भूमीचे रस' हेही राजाचे ठरवले होते. मेक्सिको आणि पुढे टेक्सासचे प्रजासत्ताक यांनी तो हक्क सांभाळला. १८६६ च्या राज्यघटनेत टेक्सासने तो जमीनमालकांना सोडून दिला. निमित्त तेलाचे नव्हतेच. दक्षिण टेक्सासातल्या ला साल देल रे या खाऱ्या सरोवराच्या मिठावर कोणाचा हक्क, या वादातून ही तरतूद झाली. ३५ वर्षांनी, १० जानेवारी १९०१ रोजी, ब्यूमाँट गावाजवळच्या स्पिंडलटॉप टेकडीवर तेलाचा प्रचंड फवारा उडाला, तेव्हा मिठासाठी सोडलेल्या त्या हक्काचे मोल उमगले.

खनिजहक्क जमिनीपासून वेगळा करता येतो, हेही या व्यवस्थेचे वैशिष्ट्य. शेत विकताना विकणारा भूगर्भ स्वतःकडे राखून ठेवू शकतो. मग वर पेरणी एकाची आणि खालचे तेल दुसऱ्याचे. केंद्र सरकारनेही हेच केले. २९ डिसेंबर १९१६ च्या कायद्याने पश्चिमेकडे गुरे पाळण्यासाठी जमिनी वाटताना सगळी खनिजे सरकारने राखून ठेवली. राखून ठेवलेला हक्क वारसाहक्काने वाटला जातो. चार मुले, त्यांची पंधरा नातवंडे असे होत एकाच विहिरीचे शेकडो भागीदार तयार होतात. त्यांतल्या कित्येकांनी ते शेत कधी पाहिलेलेही नसते.

रॉयल्टीचा करार तेलाच्या धंद्याइतकाच जुना आहे. ४ जुलै १८५३ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल क्रीक ओढ्याकाठच्या जमिनीवर ब्रूअर, वॉटसन अँड कंपनी या लाकूडव्यापाऱ्यांनी जे. डी. अँजियर याला पाझरणारे तेल गोळा करण्याचा हक्क पाच वर्षांसाठी दिला. खर्च वजा जाता उरेल ते दोघांनी निम्मे-निम्मे घ्यायचे असे ठरले. आपल्याकडे शेत अर्धेलीने द्यावे तसाच हा व्यवहार होता. २७ ऑगस्ट १८५९ रोजी त्याच परिसरात, टायटसव्हिल गावाजवळ, एडविन ड्रेकच्या विहिरीला साधारण ७० फुटांवर तेल लागले आणि ओढ्याकाठची प्रत्येक शेतजमीन भाडेपट्ट्यासाठी मागितली जाऊ लागली. सुरुवातीला मालकाचा वाटा निम्मा, चौथाई, अष्टमांश असा जागेप्रमाणे बदले. हळूहळू अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के, रूढ झाला. २५ फेब्रुवारी १९२० च्या कायद्याने सरकारी जमिनींसाठीही किमान रॉयल्टी तेवढीच ठरवली.

बटाई आणि रॉयल्टी यांत एक फरक आहे आणि करासाठी तोच निर्णायक ठरतो. अर्धेलीत मालक बी-बियाण्याचा, खताचा काही भार उचलतो. रॉयल्टीचा मालक विहीर खणण्याच्या खर्चात एक डॉलरही घालत नाही. विहीर कोरडी निघाली तर नुकसान पट्टेदार कंपनीचे. तेल लागले तर मालकाचा अष्टमांश आधी बाजूला निघतो. करार करतेवेळी कंपनी एकरामागे एकरकमी बोनस देते. आपल्याकडच्या नजराण्याशी त्याचे साम्य आहे. ठरलेल्या मुदतीत खोदाई सुरू झाली नाही तर पट्टा टिकवण्यासाठी वार्षिक भाडे द्यावे लागते. बोनस, भाडे आणि रॉयल्टी हे तिन्ही पैसे एकाच हातात येतात, पण पुढे विवरणपत्रात त्यांच्या वाटा निराळ्या होतात.

रॉयल्टीने माणसाचे काय होते याचे पहिले प्रसिद्ध उदाहरण जॉन वॉशिंग्टन स्टील याचे. ऑइल क्रीककाठच्या मॅक्लिंटॉक दांपत्याने त्याला दत्तक घेतले होते. नवऱ्यामागे शेत आणि त्यावरच्या विहिरींची रॉयल्टी सांभाळणारी विधवा १८६४ मध्ये स्वयंपाकघरात चुलीवर तेल ओतताना भाजून मरण पावली आणि विशीतल्या जॉनच्या हाती सगळे आले. फिलाडेल्फियात त्याने ते वर्षभरात उधळले. वर्तमानपत्रांनी त्याला 'कोल ऑइल जॉनी' हे नाव दिले. उरलेले आयुष्य त्याने कष्टाच्या साध्या नोकऱ्या करून काढले. उधळपट्टीची कथा म्हणून ती शंभर वर्षे सांगितली गेली. पण शेतीची सवय असलेल्या कुटुंबाला घाम न गाळता रोज येणारा पैसा म्हणजे काय, तो पीक की ठेव, हे सांगणारे तेव्हा कोणीच नव्हते, हेही तिच्यात दिसते.

तेल एका जागी स्थिर नसते. शेजाऱ्याने हद्दीलगत विहीर खणली तर इकडचे तेल तिकडे ओढले जाते. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये वेस्टमोरलँड गॅस कंपनीच्या खटल्यात तेल-वायूची तुलना रानातल्या जनावरांशी केली. जनावर ज्याच्या रानात सापडेल त्याचे, तसे तेल ज्याच्या विहिरीतून वर येईल त्याचे. या नियमाने प्रत्येक मालकाला घाई लावली. आज पट्टा दिला नाही तर उद्या शेजारी रिकामे करील, ही भीती खरी होती. १९३० मध्ये पूर्व टेक्सासचे अफाट क्षेत्र सापडल्यावर छोट्या छोट्या तुकड्यांवर विहिरींची रांग उभी राहिली आणि १९३१ मध्ये तेलाचा भाव बॅरलला १० सेंटांच्या आसपास कोसळला. ४२ गॅलनच्या बॅरलमागे मालकाचा अष्टमांश जेमतेम सव्वा सेंट झाला.

करांचा इतिहास याच काळात समांतर चालला होता. यादवी युद्धाच्या खर्चासाठी लावलेला पहिला प्राप्तिकर १८७२ मध्ये संपला. १८९४ मध्ये तो पुन्हा लावला गेला आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पोलॉक खटल्यात तो रद्द केला. कारण लक्षात घेण्याजोगे आहे. जमिनीच्या उत्पन्नावरचा कर हा जमिनीवरचाच प्रत्यक्ष कर होय, आणि असा कर राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणातच वाटता येतो, असे न्यायालय म्हणाले. तेलाची रॉयल्टी हे जमिनीचेच उत्पन्न. म्हणजे या निकालाप्रमाणे तीही कराबाहेर राहिली असती. ३ फेब्रुवारी १९१३ रोजी राज्यघटनेची सोळावी दुरुस्ती मंजूर झाली आणि ही अडचण दूर झाली.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कायदा आला आणि १९१४ च्या आरंभी पहिला फॉर्म १०४० लोकांच्या हाती पडला. सूचनांसह तो चार पानांचा होता. एकट्या व्यक्तीला ३,००० डॉलर आणि विवाहिताला ४,००० डॉलर माफ होते, मूळ दर १ टक्का आणि ५ लाखांवरील उत्पन्नावर आणखी ६ टक्के अधिभार. उत्पन्नाच्या प्रकारांत पगार, भाडे, व्याज यांच्याबरोबर खाणी, तेलविहिरी आणि पेटंट यांची रॉयल्टी स्वतंत्रपणे छापलेली होती. म्हणजे तेलाची रॉयल्टी विवरणपत्रात पहिल्या दिवसापासून आहे.

लिहायचे कुठे हे ठरले होते. ती नेमके काय आहे हे ठरले नव्हते. जमीनमालकांचे म्हणणे तर्काला धरून होते. सफरचंदाचे झाड पुढच्या वर्षी पुन्हा फळते, तेलविहिरीचे तसे नाही. बाहेर गेलेले बॅरल परत येत नाही. मग मालक उत्पन्न मिळवतो की आपली मालमत्ता थोडी थोडी करून विकतो? १९०९ च्या कंपनीकराच्या संदर्भात हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आलाच होता. १९१३ मध्ये कोलोरॅडोतल्या स्ट्रॅटन्स इंडिपेंडन्स या सोन्याच्या खाणीच्या खटल्यात आणि १९१७ मध्ये मिनेसोटातल्या लोहखनिजाच्या रॉयल्टीबाबत न्यायालयाने सांगितले की खनिजातून येणारा पैसा उत्पन्नच आहे. मुद्दल घटते हे खरे, पण त्याबद्दल सूट द्यायची की नाही आणि किती, हे कायदेमंडळाने ठरवावे.

१९३२ चा बर्नेट विरुद्ध हार्मेल हा निकाल आजही पाया मानला जातो. टेक्सासातल्या एका मालकाने पट्ट्यापोटी मिळालेला बोनस हा मालमत्ता विकल्याचा नफा आहे, म्हणून त्यावर भांडवली नफ्याचा कमी दर लागावा, अशी मागणी केली. टेक्सासच्या कायद्यात तेलाचा पट्टा ही खरोखरच जमिनीतल्या तेलाची विक्री मानली जाते. सर्वोच्च न्यायालयाने तरीही मागणी फेटाळली. राज्याचा कायदा व्यवहाराला काहीही नाव देवो, केंद्रीय करासाठी बोनस आणि रॉयल्टी हे साधे उत्पन्न. पुढच्याच वर्षी पामर विरुद्ध बेंडर या निकालात जमिनीतल्या तेलात ज्याचा 'आर्थिक हितसंबंध' टिकून आहे त्याला साठा घटल्याची सूट मिळेल, असे ठरले. रॉयल्टीचा मालक त्यात निःसंशय बसला. कोळशाच्या मालकांना मात्र १९५१ मध्ये कायदेमंडळाने ठराविक अटींवर भांडवली नफ्याचा दर दिला. जमिनीतून निघणाऱ्या दोन इंधनांना दोन न्याय मिळावेत याला तर्काचा आधार शोधून सापडत नाही. ती कायदेमंडळाची निवड होती.

सुटीचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. १९१३ च्या कायद्याने खाणींना उत्पादनाच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वजावट दिली. १९१६ मध्ये तेल आणि वायूसाठी प्रवाह जितका खरोखर घटला तितकी वाजवी सूट आली, पण एकूण सूट गुंतवलेल्या रकमेपलीकडे जाऊ शकत नव्हती. पहिल्या महायुद्धात तेलाची निकड वाढली आणि १९१८ चे वर्ष ज्याच्या नावात आहे त्या, प्रत्यक्षात फेब्रुवारी १९१९ मध्ये संमत झालेल्या कायद्याने 'शोध-मूल्य' ही कल्पना आणली. विहीर सापडली की तिची तेव्हाची बाजारकिंमत धरायची आणि ती पूर्ण वसूल होईपर्यंत सूट घ्यायची. ही सूट मालक आणि पट्टेदार यांत न्याय्य प्रमाणात वाटली जाई. १,००० डॉलर मोजून घेतलेल्या हक्काची किंमत तेल लागताच लाखावर जाई आणि सूट त्या लाखावर मिळे.

पण न उपसलेल्या साठ्याची किंमत कोण ठरवणार? हजारो विहिरींचे मूल्यांकन करण्यात महसूल खाते बुडून गेले. मिशिगनचे सिनेटर जेम्स कूझेन्स यांच्या समितीने १९२४ पासून खात्याची चौकशी केली आणि मूल्ये किती फुगवली जात होती ते बाहेर काढले. त्यावर १९२६ मध्ये साधा उपाय निघाला. मूल्यांकनच नको, एकूण उत्पन्नाची ठराविक टक्केवारी वजा करावी. सिनेटला ३० टक्के हवे होते, प्रतिनिधिगृहाला २५; तडजोड साडेसत्तावीसवर झाली. मर्यादा एकच, की त्या मालमत्तेच्या निव्वळ उत्पन्नाच्या निम्म्याहून सूट जास्त नसावी.

सोपेपणाच्या नावाखाली या तडजोडीने मूळ विचार मागे टाकला. साठा घटल्याची सूट म्हणजे मुद्दल परत मिळणे. मुद्दल एकदाच परत मिळू शकते. टक्केवारीच्या सुटीला असा शेवट नाही. समजा एखाद्याने खनिजहक्कासाठी १०,००० डॉलर दिले आणि त्याला वर्षाला १०,००० डॉलर रॉयल्टी मिळू लागली. साडेसत्तावीस टक्क्यांनी दरवर्षी २,७५० डॉलर वजा होतात. चौथ्या वर्षी मुद्दल पूर्ण वसूल झालेले असते, तरी पाचव्या, दहाव्या, विसाव्या वर्षीही तेवढीच वजावट सुरू राहते. मोठ्या तेलकंपन्यांना मिळालेला हा अनाठायी लाभ होता, असेच म्हणावे लागेल. जानेवारी १९५० मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी करविषयक संदेशात या सुटीवर उघड हल्ला केला. इलिनॉयचे सिनेटर पॉल डग्लस यांनी पुढे वर्षानुवर्षे तिच्याविरुद्ध दुरुस्त्या मांडल्या आणि हरले. टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या प्रतिनिधींचे वजन मोठे होते. त्यात छोट्या रॉयल्टीधारकांची मतेही होती; शेतावरच्या एका विहिरीवर म्हातारपण काढणाऱ्या मतदारालाही तीच टक्केवारी मिळत असे.

ओक्लाहोमातल्या ओसेज लोकांची कहाणी या इतिहासात वेगळी सांगावी लागते. १८७२ मध्ये त्यांनी चेरोकी लोकांकडून विकत घेतलेल्या प्रदेशाखाली तेल निघाले. २८ जून १९०६ च्या कायद्याने जमीन व्यक्तींना वाटली गेली, पण भूगर्भ सगळ्या जमातीचा सामाईक राहिला आणि त्याच्या उत्पन्नाचे २,२२९ समान हिस्से झाले. या हिश्शाला 'हेडराइट' म्हणत. १९२० च्या दशकात हे हिस्से इतके मोलाचे झाले की त्यांच्यासाठी खून पडले. डेव्हिड ग्रॅन यांच्या २०१७ च्या पुस्तकाने आणि त्यावरच्या २०२३ च्या चित्रपटाने ती हत्यामालिका जगापुढे आणली. १९२१ च्या कायद्याने ज्यांच्याकडे 'सक्षमतेचा दाखला' नव्हता त्या प्रौढ ओसेजांना स्वतःच्याच पैशातून तिमाहीला १,००० डॉलरच मिळत. आणि ज्यांच्याकडे दाखला होता त्यांच्यापैकी एकाचा खटला १९३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. तेल जमातीचे असून ते सरकारच्या विश्वस्तपणाखाली आहे, म्हणून वाट्यावर कर नसावा, हा युक्तिवाद न्यायालयाने नाकारला. पैसा हातात आला आणि तो मनाप्रमाणे खर्च करता येतो, तर तो करपात्र. ज्या सरकारने काहींना हिशेब कळत नाही म्हणून पालक नेमले, त्याच सरकारने उरलेल्यांकडून इतर नागरिकांसारखे विवरणपत्र मागितले.

१९६९ मध्ये साठा घटल्याच्या सुटीची टक्केवारी २२ वर आली. १९७३ च्या तेलसंकटाने भाव चौपट झाले, लोकांचा राग कंपन्यांवर वळला आणि २९ मार्च १९७५ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांची टक्केवारीची सूट काढून घेतली. स्वतंत्र लहान उत्पादक आणि रॉयल्टीधारक यांच्यापुरती ती राहिली. दिवसाला २,००० बॅरलपर्यंतची मर्यादा १९८० पर्यंत १,००० वर आली आणि दर टप्प्याटप्प्याने उतरत १९८४ मध्ये १५ टक्क्यांवर स्थिरावला. वायूसाठी ६,००० घनफूट म्हणजे एक बॅरल असा हिशेब धरतात. १९८६ मध्ये उत्पादनाशी संबंध नसलेल्या बोनसवरची टक्केवारीची सूट गेली.

मधल्या काळात रॉयल्टीधारकांवर एक कर अचानक येऊन पडला. भावनियंत्रण उठवताना कंपन्यांना मिळणारा आयता नफा टिपण्यासाठी अध्यक्ष कार्टर यांनी २ एप्रिल १९८० रोजी 'विंडफॉल प्रॉफिट टॅक्स'वर सही केली. नावात नफा असला तरी हा उत्पादनकर होता. विक्रीभाव आणि ठरवलेला आधारभाव यांच्या फरकावर तो लागे. जुन्या विहिरींच्या तेलावर स्वतंत्र उत्पादकाला सवलतीचा दर होता, रॉयल्टीधारकाला पूर्ण ७० टक्के. खरेदीदार तो आधीच कापून घेई. महिन्याचा चेक लहान का झाला हे शेतकरी विधवांना चेकच्या तळटिपेवरून कळले. याच संतापातून १९८० मध्ये ओक्लाहोमात रॉयल्टीधारकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. कायदेमंडळाने १९८० साठी १,००० आणि १९८१ साठी २,५०० डॉलरपर्यंत परतावा दिला, १९८२ पासून दिवसाला दोन बॅरल माफ केले. १९८८ मध्ये हा कर रद्दच झाला.

आजच्या विवरणपत्रात या सगळ्याचे थर दिसतात. वर्षभरात १० डॉलर किंवा अधिक रॉयल्टी दिली तर कंपनी '१०९९-मिस्क' हा दाखला पाठवते. त्याच्या दुसऱ्या चौकटीत रॉयल्टीची ठोक रक्कम असते. प्रत्यक्ष चेक त्याहून लहान असतो, कारण राज्याचा उत्पादनकर आणि वायू गोळा करणे, शुद्ध करणे, वाहून नेणे यांचा खर्च आधीच कापलेला असतो. टेक्सासात तेलावर ४.६ आणि वायूवर ७.५ टक्के उत्पादनकर आहे. इथेच नवख्याची चूक होते. तो बँकेत जमा झालेला आकडा लिहितो आणि महसूल खात्याकडे गेलेल्या दाखल्याशी तो जुळत नाही. ठोक रक्कम रॉयल्टीच्या ओळीवर लिहून कापलेले कर आणि खर्च खाली वेगळे दाखवणे हीच बरोबर रीत. बोनस सहसा त्याच दाखल्यावर भाड्याच्या चौकटीत येतो.

त्यानंतर साठाघट, म्हणजे डिप्लीशनची सूट. खरेदीची किंमत, किंवा वारशाने आला असेल तर मृत्युसमयीची बाजारकिंमत, शिल्लक साठ्याच्या अंदाजाने भागून विकलेल्या मात्रेने गुणायची, ही एक पद्धत. ठोक रॉयल्टीच्या १५ टक्के ही दुसरी. दोहोंतली मोठी रक्कम घेता येते. टक्केवारीची सूट त्या मालमत्तेच्या निव्वळ उत्पन्नाहून जास्त होऊ शकत नाही आणि एकूण करपात्र उत्पन्नाच्या ६५ टक्क्यांवर गेली तर उरलेली पुढच्या वर्षी नेता येते. १०,००० डॉलर रॉयल्टीवर ४६० डॉलर तेलाचा उत्पादनकर आणि १,५०० डॉलर साठाघट वजा जाता ८,०४० डॉलर करपात्र उरतात. खोदाईच्या खर्चात भागीदार असलेल्याची गोष्ट निराळी. त्याचे उत्पन्न धंद्याचे ठरते, 'शेड्यूल सी'वर जाते आणि त्यावर १५.३ टक्के स्वयंरोजगार करही लागतो. रॉयल्टीवर तो नाही. चुकीच्या पुरवणीत लिहिलेला आकडा मालकाला महागात पडतो तो असा.

२००० नंतर खडकातून वायू काढण्याच्या तंत्राने रॉयल्टी शहरात आणली. फोर्ट वर्थच्या वस्त्यांखाली बार्नेट शेल हा खडक आहे. तिथे पाव एकराच्या घरमालकांनीही पट्टे केले आणि काही करारांत वाटा चौथाईपर्यंत गेला. ३२० एकरांच्या विहीरगटात पाव एकर आणि चौथाई वाटा म्हणजे ०.०००१९५३१. महिन्याला ५ लाख डॉलरचा वायू विकला गेला तर त्या घराला ९७ डॉलर ६६ सेंट. टेक्सासात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी खरेदीखतातले खनिजहक्काचे कलम वाचावे ते यासाठी. अनेक ठिकाणी तो हक्क आधीच्या मालकाने किंवा बिल्डरने राखून ठेवलेला असतो. हक्क मिळाला आणि कुटुंब पुण्याला परतले तर अनिवासी म्हणून ठोक रॉयल्टीवर ३० टक्के कापले जातात. निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय निवडून फॉर्म १०४०-एनआर भरता येतो. भारतात निवासी ठरल्यावर तेच उत्पन्न इथल्या विवरणपत्रातही दाखवावे लागते. १९८९ च्या करारामुळे तिकडे भरलेल्या कराचे श्रेय मिळते.

रॉयल्टीधारकाच्या सुटीचा दर १९८४ पासून १५ टक्के आहे. मूळ हक्कासाठी त्याने एक डॉलरही मोजलेला नसला तरी ती मिळते, आणि विहीर आटेपर्यंत मिळत राहते.